वसंतातला स्की-दिवस: उतरायची वेळ आधी ठरव

स्कीवर डोंगर चढून मग घसरत खाली यायला पहिल्यांदाच जातोयस, तर माथ्याचं वेड जरा बाजूला ठेव आणि आदल्या रात्रीचं आभाळ बघ. निरभ्र असेल तर बर्फ रात्रभर उष्णता बाहेर टाकून कडक गोठतो. ढगाळ असेल तर वरवर कवच आणि आत भुसभुशीत. असल्या पहाटे मी सरळ परत झोपतो.

अंधारातच निघ. पहाटे उतार काचेसारखा असतो, म्हणून स्कीचे क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीखाली लावायचे धातूचे दात, हाताशी ठेव. (मी एकदा सॅकच्या तळाशी ठेवले होते. एका पायावर तोल सांभाळत सॅक उपसणं अजून आठवतं.)

ऊन आधी पूर्वेच्या उतारावर येतं, पश्चिमेला शेवटी. वरचे दोन-तीन सेंटिमीटर जाड्या मिठासारखे सुटे आणि खाली अजून टणक, तेव्हा उतरायला लाग. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला किंवा बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की उशीर झालाच म्हणून समज; ओला बर्फ हिमस्खलन होऊन कोसळू शकतो. मग ३०° पेक्षा तीव्र उतारावर थांबू नकोस, माथा शंभर मीटरवर असला तरी.

बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधायला बीकन (सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि उकरायला फावडं प्रत्येकाकडे हवंच. आणि फावडं धातूचं घे, प्लास्टिकचं नको.