पंधरा अक्षरांपुढचं नाव डोमेनला दिसतच नाही

नमस्कार. अकाउंट्सचे दोन पीसी आलटूनपालटून डोमेनमधून (ऑफिसच्या सगळ्या मशीनांचं लॉगिन एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेतून) पडतात, एक उठवला की दुसरा बसतो आणि एएमसीवाले (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेले) 'विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारू' म्हणतात, हे तुमचं वाचलं आणि आमचे भोसरीतले ते पंधरा दिवस आठवले. साठ मशीनांना शहर-विभाग-प्रकार-क्रमांक अशी नावं ठेवावीत का, हा तुमचा मूळ प्रश्न. माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

आमच्याकडे नावं होती 'पुणे-अकाउंट्स-डेस्कटॉप-०१', '०२' अशी. इंग्रजीत टाइप करून मोजा, २४ अक्षरं भरतात. डीएनएसला (नावावरून नेटवर्कवरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) ६३ पर्यंत चालतात, पण विंडोजचं नेटबायोस नाव, म्हणजे जुन्या पद्धतीचं छोटं नाव, १५ अक्षरांवर कापलं जातं, कारण सोळावा बाइट सेवेच्या प्रकारासाठी राखीव असतो. म्हणजे दोन्ही मशीनं डोमेनच्या लेखी 'पुणे-अकाउंट्स-डी'! डोमेनमध्ये प्रत्येक मशीनचं नावाने एक खातं असतं. दुसरं मशीन जोडलं की ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ही खाती सांभाळणारी विंडोजची यंत्रणा) तेच खातं वापरते, खात्याचा पासवर्ड बदलते आणि पहिल्यावर 'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड' (डोमेनशी विश्वासाचं नातं तुटलं) येतं. पहिलं पुन्हा जोडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याची बोंब. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून विंडोज असं जुनं खातं वापरू देताना अडवतं, पण ते खातं ज्या यूजरने बनवलं त्यानेच पुन्हा जोडलं तर चालून जातं. आमच्याकडे सगळं एकाच ॲडमिन लॉगिनवरून चालायचं.

नाव बदलताना विंडोज चक्क सांगतं की नेटबायोस नाव अमुक इतकंच राहील. सपोर्ट कंपनीचा मुलगा त्यावर ओके दाबून पुढे गेला होता. त्याचा राग नाही, नवीन होता बिचारा. राग त्यांच्या ऑफिसचा आहे. प्रत्येक वेळी नवा तिकीट नंबर, नवा माणूस, आणि तेच उत्तर: फॉरमॅट. दोनदा फॉरमॅट केलं, दोनदा तेच नाव परत दिलं! त्यात २० तारखेची ३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, डोक्यावर. अकाउंट्सच्या मॅडम रात्री साडेनऊपर्यंत एकाच मशीनवर बसल्या होत्या. दोन्ही नावं शेजारी लिहून मोजायला कुणाला पाच मिनिटं मिळाली नाहीत, मलाही नाही. माझी खरी चूक हीच, की 'करप्ट' या शब्दावर मी विश्वास ठेवला.

(अशा वेळी काम अडू नये म्हणून: नेटवर्कची वायर काढा, त्या मशीनवर आधी लॉगिन केलेल्या माणसाला बहुतेक वेळा आत जाता येतं. मग वायर परत लावा.)

आता नावांबद्दल. माझा अनुभव शंभर-सव्वाशे मशीनांचा, मोठ्या कंपनीत वेगळं चालत असेल. पण मी विभाग, मजला, माणूस यातलं काहीही नावात घालू देत नाही. माणूस नोकरी सोडतो, अकाउंट्सचा पीसी डिस्पॅचला जातो, आणि नाव खोटं बोलायला लागतं. १९९० च्या आरएफसी ११७८ (इंटरनेटवाल्यांच्या मार्गदर्शक टिपणांपैकी एक) मध्येही मशीनला आपलं स्वतःचं किंवा एखाद्या प्रकल्पाचं नाव देऊ नका असं सांगितलंय. आम्ही लॅपटॉपला एल, डेस्कटॉपला डी आणि पुढे ॲसेट रजिस्टरचा चार आकडी नंबर ठेवतो. कोण कुठे बसतो ते एक्सेलमध्ये. तोच नंबर स्टिकरवर, आणि स्टिकर समोरच्या बाजूला लावा; मागे लावला तर फोनवर वाचून दाखवायला कुणी टेबलाखाली वाकत नाही. अंडरस्कोअर टाळा, हायफन चालतो.

सर्व्हरचं नाव मात्र सहज बदलायला जाऊ नका. मॅप केलेले ड्राइव्ह, एक्सेलमधल्या लिंक, सर्टिफिकेट, सगळीकडे ते नाव रुतलेलं असतं.

तुमच्या त्या दोन पीसींवर आजच कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'होस्टनेम' कमांड पूर्ण नाव दाखवते, म्हणून ती बघून सगळं ठीक वाटतं. त्याऐवजी echo %COMPUTERNAME% टाइप करून बघा, तिथे कापलेलं नाव दिसेल. दोन्हीकडे सारखंच आलं तर फॉरमॅट करू देऊ नका. दोघांनाही छोटी, वेगळी नावं देऊन एकेक करून पुन्हा डोमेनला जोडा. काय दिसलं ते इथे नक्की लिहा.