एवढी मोठी लायब्ररी शिकायची कशी? पँडाजच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न लक्षपूर्वक वाचला. तुम्ही तासगावहून रोज सांगलीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला येता, प्रकल्पासाठी हळदीच्या सौद्यांची आकडेवारी निवडली आहे, आणि पँडाज ही पायथन भाषेतली, आकडेवारी हाताळणारी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार फंक्शनांचा संच) शिकायला बसल्यावर फंक्शनांची न संपणारी यादी पाहून छाती दडपली, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातच एका मित्राने सांगितले, की दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी वापरण्यात सर्जनशीलता कसली, ते निव्वळ पाठांतर आहे आणि आता तर तेही यंत्राकडून लिहून घेता येते. मी गेली सतरा वर्षे सांगलीत हेच काम करतो आहे. मित्राचे म्हणणे मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगतानाच शिकायचे कसे याचेही उत्तर मिळेल, म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो.

लायब्ररीत फंक्शने हजार असली तरी तिच्या मुळाशी मोठे निर्णय एक-दोनच असतात. कोणीतरी माणूस एखाद्या अडचणीत सापडलेला असतो, त्या अडचणीतून वाट काढताना तो काही गोष्टी कायमच्या ठरवून टाकतो, आणि पुढची बहुतेक फंक्शने त्या ठरावांच्या पोटातून निघतात. ते ठराव सापडेपर्यंत सगळे पाठ करावे लागते. सापडल्यावर पुष्कळसे आपोआप सुचू लागते. मला पँडाजचा असा ठराव कसा सापडला ते सांगतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या नोंदी मी संगणकात भरत होतो. 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी, हे दोन आकडे सांगलीकरांना तोंडपाठ असतात. मला मात्र पातळीपेक्षा पाणी किती वेगाने चढते आहे ते हवे होते, म्हणजे लागोपाठच्या दोन नोंदींमधला फरक. तोवर माझा हात नमपायवर, म्हणजे आकड्यांच्या रांगांवर गणिते करणाऱ्या पायथनच्या लायब्ररीवर, बसलेला होता. तिथे हे सोपे असते: पहिली नोंद सोडून उरलेली रांग घ्यायची, शेवटची नोंद सोडून उरलेली रांग घ्यायची आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. समजा नोंदी 38, 39, 41 आणि 44 अशा आहेत, तर उत्तर 1, 2, 3 येते. तेच मी पँडाजच्या सिरीजवर, म्हणजे तिच्यातल्या आकड्यांच्या रांगेवर, केले. उत्तर आले रिकामे, शून्य, शून्य, रिकामे. कोठेही चूक दाखवली गेली नव्हती, प्रोग्रॅम व्यवस्थित चालला होता. गावभागात पाणी घरांत शिरत होते आणि माझ्या पडद्यावर नदी जागच्या जागी उभी होती.

त्या रात्री मी डॉक्युमेंटेशनची सुरुवातीची पाने पहिल्यांदा नीट वाचली. पँडाजमध्ये प्रत्येक आकड्याला एक लेबल चिकटलेले असते, त्या लेबलांच्या संचाला इंडेक्स म्हणतात, आणि दोन सिरीजची बेरीज-वजाबाकी करताना पँडाज आकड्यांची जागा पाहत नाही, लेबल पाहते. मी जेव्हा 39, 41, 44 मधून 38, 39, 41 वजा केले, तेव्हा तिने 39 मधून 39 आणि 41 मधून 41 वजा केले, कारण त्यांची लेबले एकच होती. 38 आणि 44 यांना जोडीदार मिळाला नाही, म्हणून ती दोन उत्तरे रिकामी राहिली. मला हवे होते ते लागोपाठच्या नोंदींतला फरक काढणारे डिफ नावाचे फंक्शन. पण फंक्शनचे नाव कळणे हा त्यातला लहान भाग होता. लेबल जुळवायचे, हा ठराव कळला, आणि रीइंडेक्स, जॉइन, शिफ्ट ही तोवर सुटी सुटी वाटणारी फंक्शने एकाच घरातली असल्याचे दिसू लागले.

हा ठराव आला कोठून? वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये एका गुंतवणूक संस्थेत काम करताना पँडाज लिहायला घेतले. पँडाज हे नावसुद्धा अर्थमितीतल्या पॅनेल डेटा (अनेक घटकांच्या वेळोवेळी घेतलेल्या नोंदी) या संज्ञेवरून आलेले आहे. आर्थिक आकडेवारीत एका मालिकेत एखाद्या तारखेची नोंद असते आणि दुसरीत नसते. अशा दोन रांगा नुसत्या शेजारी ठेवून वजाबाकी केली, तर एका खाड्यानंतर पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या दिवसाशी जुळतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यांनी तारीख आकड्याला कायमची बांधून टाकली. तुमच्या हळदीच्या फायलीतही हेच होणार आहे: ज्या दिवशी सौदे झाले नाहीत त्या दिवसाची ओळच नसेल, आणि तारखेला इंडेक्स करून दोन बाजारांचे भाव शेजारी मांडाल तेव्हा तारखा आपोआप जुळतील. ज्या माणसाला कृष्णाकाठ ठाऊकही नसेल, त्याने आपल्या अडचणीवर काढलेला उपाय आपल्या नदीला आणि आपल्या हळदीला चपखल बसतो, याला मी सर्जनशीलता म्हणतो. यापेक्षा वेगळा शब्द मला सापडत नाही.

काही ठराव उसने घेतलेले असतात आणि त्यांची किंमतही मोजावी लागते. तुमच्या फायलीत पोत्यांचा रकाना असेल आणि त्यात एखादी जरी नोंद रिकामी असेल, तर फाइल वाचल्यावर 120 पोत्यांच्या जागी 120.0 असे दिसेल. अर्धे पोते कोठून आले, असा प्रश्न पडतो. कारण असे, की पँडाज नमपायच्या पायावर उभे राहिले, आणि नमपायच्या साध्या पूर्णांकांच्या रांगेत ‘माहिती नाही’ असे लिहिण्यासाठी चिन्हच नाही. ते दशांश संख्यांत आहे, त्याला नॅन म्हणतात. म्हणून एका रिकाम्या नोंदीपायी सगळा रकाना दशांशात जातो. रिकामी जागा सांभाळणारा पूर्णांकांचा वेगळा प्रकार 2019 च्या जानेवारीत, 0.24 या आवृत्तीत आला. मॅकिनी यांनी स्वतः 2017 मध्ये पँडाजच्या अंतर्गत रचनेतील उणिवा एकेक करून जाहीरपणे मांडल्या आणि डेटाच्या आकाराच्या पाच ते दहा पट मेमरी हाताशी असावी, असा आपला अनुभवही सांगितला. स्वतःच्या कामाकडे इतक्या स्वच्छ नजरेने पाहणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीने तुम्हाला गोंधळात टाकले असेल, तर तोही गोंधळ याच पद्धतीने सुटतो. एकच आलेख काढण्याच्या तिथे दोन तऱ्हा आहेत: एकीत सरळ आज्ञा देत जायचे, दुसरीत आधी आकृती आणि अक्ष तयार करून त्यांच्यावर काम करायचे. ही लायब्ररी लिहिणारे जॉन हंटर हे मेंदूविज्ञानाचे अभ्यासक होते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत नोंदी त्यांना पाहायच्या होत्या आणि मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर सरावलेल्या हाताला पायथनमध्ये तसेच आलेख हवे होते. म्हणून पहिली तऱ्हा मॅटलॅबच्या वळणाची आहे. 2003 मध्ये पहिली आवृत्ती आली. हंटर 2012 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी गेले. त्यांच्या गरजेतून निघालेल्या रेघांनी आज जगभरचे विद्यार्थी आपले आलेख काढतात. तुम्ही दुसरी तऱ्हा शिका, मोठ्या कामात तीच टिकते. पण पहिली का आहे हे माहीत असू द्या.

मिरजेत सतारमेकर गल्लीत कधी गेलात, तर एखादा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत, म्हणजे तारेचा नाद खुलवत असताना थोडा वेळ थांबून पाहा. घोडीचा पृष्ठभाग तो केसभर घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मैफलीत त्या घासण्याकडे कोणाचे लक्ष नसते. पायथनच्या क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनची मूळ फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला तीच आठवण झाली. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये ती पद्धत लिहिली, तिला टिमसॉर्ट म्हणतात. खऱ्या जगातली माहिती क्वचितच पूर्ण विस्कटलेली असते, तिच्यात आधीच क्रमाने लागलेले तुकडे असतात, हे त्यांनी हेरले. ते तुकडे शोधायचे आणि एकमेकांत मिसळत न्यायचे, एवढीच मुख्य कल्पना आहे. सोबत त्यांनी साध्या भाषेत एक लांबलचक टिपण लिहून ठेवले आहे. कोणता आकडा का निवडला, कोणता प्रयोग फसला, सगळे त्यात आहे. ते टिपण पायथनच्या मूळ संहितेतच आहे, अवश्य वाचा. ही पद्धत पुढे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेनेही घेतली, आणि 2015 मध्ये संशोधकांनी गणिती पडताळणी करताना तिच्यात एक सूक्ष्म चूक शोधून काढली, तीही दुरुस्त झाली.

यंत्राकडून कोड लिहून घेण्याला माझा विरोध नाही, मीही घेतो. परंतु माझ्या त्या शून्यांच्या वेळी कोड निर्दोष चालला होता आणि उत्तर खोटे होते. ते खोटे आहे हे ओळखायला नदी चढते आहे हे माहीत असावे लागते, आणि ते का खोटे आले हे सांगायला इंडेक्सचा ठराव माहीत असावा लागतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. येत्या आठवड्यात पँडाज बाजूला ठेवून स्वतःची एक लहानशी सिरीज लिहा. आत एक डिक्शनरी, म्हणजे जोड्यांचा संच, तिच्यात तारीख आणि भाव. दोन सिरीजची वजाबाकी करताना दोन्हींतल्या सगळ्या तारखा गोळा करायच्या, जिथे एकीकडे तारीख नसेल तिथे रिकामे ठेवायचे. पन्नास-साठ ओळींत होते. ते लिहिताना तुम्हाला प्रश्न पडतील: एकच तारीख दोनदा आली तर काय करायचे? उत्तरे कोणत्या क्रमाने लावायची? प्रत्येक प्रश्नाचे आपले उत्तर आधी वहीत लिहा आणि मग पँडाजने काय ठरवले आहे ते पाहा. काही ठिकाणी तुमचे आणि त्यांचे उत्तर एकच निघेल, काही ठिकाणी त्यांचे सरस असेल, आणि एखाद्या ठिकाणी तुम्हाला तुमचेच बरे वाटेल. शेवटच्या प्रकारातले जे सापडेल ते मला जरूर कळवा. तुमच्या फायलीत राजापुरी हळदीचा एकाच दिवशी वेगवेगळ्या अडत दुकानांत निघालेला भाव असणार, म्हणजे दुहेरी तारखांचा प्रश्न तर पहिल्याच दिवशी समोर येईल. तिथूनच सुरुवात करा.