मेमरी एक, मागणारे अनेक

प्रश्न : माझ्या ८ जीबी रॅमच्या सर्व्हरवर वेब सर्व्हर, पीएचपी, मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस आणि रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारी कॅश) असे सगळे एकत्र चालते. डेटाबेसचा वेग वाढावा म्हणून मी इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-इंजिनाचा बफर पूल (डेटा रॅममध्ये राखण्याची जागा) ६ जीबी केला, तरी गर्दीच्या वेळी साइट पूर्वीपेक्षा जास्तच रखडते. शिवाय क्वेरी कॅशची (क्वेरींची उत्तरे साठवून ठेवण्याच्या सोयीची) ओळ कॉन्फिग फाइलमध्ये घातली की मायएसक्यूएल सुरूच होत नाही. काय चुकते आहे?

उत्तर : क्वेरी कॅशची सोय मायएसक्यूएल ८.० मधून काढूनच टाकलेली असल्यामुळे तिची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये दिसताच सर्व्हर अडून बसतो. ती ओळ खोडा आणि हळहळू नका. टेबलातली एक नोंद बदलली तरी त्या टेबलाची साठवलेली सगळी उत्तरे ही कॅश रद्द करत असे.

खरी गोम बफर पूलमध्ये आहे. रॅमचा तीनचतुर्थांश भाग बफर पूलला द्यावा, हा सल्ला ज्या यंत्रावर डेटाबेसखेरीज दुसरे काही नाही त्याच्यासाठी असतो. आपल्याकडे उरलेल्या २ जीबीत पीएचपीच्या प्रक्रिया, रेडिस आणि खुद्द लिनक्स यांना दाटीवाटीने राहावे लागते. गर्दी वाढली की कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीतली पाने, म्हणजे तिचे छोटे तुकडे, स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) ढकलतो, आणि डिस्कवर जावे लागू नये म्हणून राखलेला बफर पूलच डिस्कवर जाऊन बसतो. खात्री करायची असेल तर गर्दीच्या वेळी 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा चालवून 'एसआय' (स्वॅपमधून आत) आणि 'एसओ' (स्वॅपकडे बाहेर) हे दोन रकाने पाहावेत. तिथे शून्याऐवजी सतत आकडे हलत असतील, तर निदान पक्के समजावे.

बफर पूल तूर्त २ जीबीवर आणावा. मूळ ठरावीक आकार अवघा १२८ एमबी असतो, तेव्हा हेही कमी नव्हे. मग 'बफर पूल रीड रिक्वेस्ट्स' आणि 'बफर पूल रीड्स' हे मायएसक्यूएलचे दोन काउंटर तासाच्या अंतराने दोनदा टिपून फक्त वाढ ताडून पाहावी. पहिला एकूण वाचने सांगतो, दुसरा त्यांपैकी डिस्कपर्यंत गेलेली. दुसऱ्याची वाढ पहिल्याच्या तुलनेत नगण्य असेल, तर पूल वाढवून काही हाती लागणार नाही.

रेडिसला ६४ बिट यंत्रावर मुळात मेमरीची मर्यादाच नसते, म्हणून 'मॅक्समेमरी' ५१२ एमबी आणि धोरण 'ऑलकीज-एलआरयू' (जागा संपली की बराच काळ न वापरलेल्या नोंदी आधी काढणे) ठेवावे. मात्र लॉगिनची सेशन्सही त्याच रेडिसमध्ये असतील तर ती रेडिसच्या वेगळ्या इन्स्टन्सवर (स्वतंत्र चालणाऱ्या प्रतीवर) हलवावीत, नाहीतर जागा करण्याच्या नादात रेडिस वापरकर्त्यांना बाहेर काढेल.

एवढे करूनही साइट रखडली, तर मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग (रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू करून त्याची १० सेकंदांची मूळ मर्यादा १ सेकंदावर आणावी. तिथे एकच क्वेरी पुनःपुन्हा दिसली, तर 'एक्स्प्लेन' (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) लावून तिला इंडेक्स मिळतो आहे का, ते पाहावे.