निचरा बाहेर, पाझर आत

चिकोडीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: मृदासर्वेक्षणाच्या जुन्या नोंदींतली वर्णनं संगणकाकडून वाचून घेऊन प्रत्येक जमिनीचा निचरा-वर्ग, म्हणजे पाणी किती सहज निघून जातं त्यानुसारचा गट, काढायचा आहे, तर 'निचऱ्याची', 'पाझराची', 'चिबड' हे शब्द कुठल्या वर्गात घालायचे? सोबत तिनं यादी दिलीय. त्यात पहिले दोन एकाच खणात, 'उत्तम निचरा' म्हणून.

हीच गल्लत मी शेतीवरच्या भाषणांत ऐकतो, पत्रकांत वाचतो, आणि दरवेळी अंगाचा तिळपापड होतो. निचरा म्हणजे जमिनीतलं जादा पाणी निघून जाणं. पाझर म्हणजे पाणी झिरपत येणं. कालव्याखालच्या रानाला 'पाझर लागला' असं रायबागचा शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याचा ऊस पिवळा पडलेला असतो आणि मुळ्या कुजू लागलेल्या असतात. असल्या रानाला 'उत्तम' म्हणायचं? उलट 'निचऱ्याची जमीन' एवढंच लिहिलेलं असलं, तरी 'चांगल्या' हे त्यात धरलेलंच असतं. विशेषण सापडलं नाही म्हणून ती नोंद टाकून देऊ नका.

आणि हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत, हे तर कुणी सांगतच नाही. 12व्या शतकातल्या हेमचंद्रानं प्राकृत व्याकरणात संस्कृत 'क्षर्' धातूच्या जागी येणारी सहा रूपं एकाच सूत्रात दिली आहेत: खिर, झर, पज्झर, पच्चड, णिच्चल, णिट्टुअ. झर म्हणजे आपला झरा. पज्झर म्हणजे पाझर. आणि णिच्चल? माझं ठाम मत आहे की आपला निचरा तिथूनच आला.

पाणी नीच म्हणजे खालच्या बाजूला जातं म्हणून निचरा, असं सांगणारे भेटतात. मग 'रा' कुठून आला, हे त्यांनी सांगावं. 'नि' आणि 'क्षर' जोडून थेट निचरा काढणारे त्यांच्यापेक्षा अभ्यासू, पण त्यांचंही गणित चुकतं. प्राकृतात 'क्ष'चा 'च्छ' झाला की मराठीत त्याचा बहुधा 'स' किंवा 'श' होतो. इक्षु, उच्छु, ऊस. मक्षिका, मच्छिआ, माशी. त्या वाटेनं 'निसरा' व्हायला हवा होता. 'च' टिकला, कारण प्राकृतातच तो 'च्च' होता. राहिला 'ल'चा 'र'. संस्कृत 'लांगल'चा नांगर झाला तो काय वेगळा? शिवाय गाळ खाली बसलेल्या स्वच्छ पाण्याला 'निचळ' म्हणतात, त्यात तो 'ल' 'ळ' होऊन राहिलाय. हा 'निचळ' 'निश्चल'वरून काढणाऱ्यांना पाण्याचं फक्त थांबणं दिसतं, गाळापासून निथळणं दिसत नाही.

आता चिबड, म्हणजे पाणी धरून राहणारी ओलसर जमीन. निचऱ्याचे सात वर्ग पाडणाऱ्या पद्धतीत तिला 'वाईट निचरा' द्या. वर्षातला बराच काळ पाणी पृष्ठभागावर किंवा त्याच्या लगत राहत असेल तर ती पाणथळ, तिला 'अतिशय वाईट'. चोपण हा निचऱ्याचा वर्गच नव्हे, तो जमिनीत सोडियम वाढल्याचा दोष. निचरा त्यामुळे बिघडतो, पण नोंद वेगळी ठेवा. अथणीकडच्या कन्नड वर्णनात 'सवळु-जवळु' जोडीनं येईल, तेही फोडून वाचा: सवळु म्हणजे खारवट, जवळु म्हणजे पाणी साचलेली.

जिथं वर्गाचा शब्दच नाही, तिथं रंग पाहा. पाणी साचल्यानं आलेले राखाडी-निळसर थर किंवा गंजासारखे ठिपके किती खोलीवर सुरू होतात, ते वर्णनात असतं. जितके वर, तितका निचरा वाईट. काळ्या रानात हे ठिपके नीट दिसत नाहीत, तेव्हा ते लिहिलेले नाहीत म्हणून निचरा चांगला समजू नका. आणि खानापूरकडच्या जांभ्यातल्या तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांवरून वर्ग खाली आणू नका; ते बहुतेक जांभा घडतानाचे जुने असतात, आजच्या पाण्याचे नव्हेत.