वर्षभरात नऊच मालिका, आणि त्यातली एक आईबरोबर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वर्षभरात चाळीस ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका पूर्ण केल्या आहेस, यादीही नीट ठेवली आहेस, आणि आता दिवाळीत ती यादी उघडल्यावर पाच-सहा सोडल्या तर बाकीच्यांतलं काहीच आठवत नाही. "माझी आवड संपली का? तुम्ही वर्षभरात काय बघितलंत, आणि निवडता कसं?" असं विचारलं आहेस. शेवटी, घरात आई "अजून कार्टूनच बघतोस का" म्हणते तेही लिहिलं आहेस. सगळ्याचं उत्तर देतो. जरा लांबेल.

आवड संपलेली नाही. आवड संपलेला माणूस एवढी तळमळ करत नाही. आधी हिशेब करू. मालिका बारा भागांची आणि भाग २४ मिनिटांचा धरला तर चाळीस मालिका म्हणजे ४८० भाग, म्हणजे १९२ तास. वर्षात वाटले तर रोजचा जेमतेम अर्धा तास. वेळ फार गेला असं मला वाटतच नाही. पण तूच लिहिलं आहेस की शनिवारी रात्री सुरू केलेली मालिका रविवारी पहाटे संपवतोस. घोटाळा तिथे आहे. जेवण तेवढंच, पण आठवड्याचं एका ताटात वाढून घेतलेलं.

जपानमध्ये या मालिका टीव्हीवर आठवड्याला एक भाग अशा लागतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे वर्षाचे चार हंगाम, आणि एका हंगामात साधारण बारा-तेरा भाग. त्याला तिकडे 'कूर' म्हणतात. भागाच्या सुरुवातीचं गाणं दीड मिनिटाचं, शेवटचंही तेवढंच. तू ती दोन्ही गाणी बटण दाबून पुढे ढकलतोस, मीही ढकलायचो. पण शेवटचं गाणं म्हणजे जे बघितलं ते मनात बसायला ठेवलेली जागा आहे. भाग जिथे संपतो तिथून पुढचे सात दिवस बघणाऱ्याच्या डोक्यात ती गोष्ट चालू राहणार, हे लिहिणाऱ्याने धरलेलं असतं. ते सात दिवस तू सात सेकंदांत उडवतोस.

मला हे कळलं ते 'फ्रीरेन'मुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिले चार भाग एकदम आले आणि मग मार्च २०२४ पर्यंत दर आठवड्याला एक, एकूण २८. सलग बघायची सोयच नव्हती. हजार वर्षांहून जास्त जगलेली ती फ्रीरेन. तिच्या लेखी सोबत्यांबरोबरचा दहा वर्षांचा प्रवास म्हणजे पापणी लवण्याइतका. त्या सोबत्यांतला हिमेल म्हातारा होऊन जातो, आणि त्याच्या अंत्यविधीला तिला रडू फुटतं, की एवढी वर्षं बरोबर होते तर याला नीट ओळखून का घेतलं नाही. मी तो आठवडाभर कामावर जाता-येता तेच घोळवत होतो. त्याच वर्षी घाईघाईत संपवलेल्या मालिकांच्या नायकांची नावंसुद्धा मला आज सांगता येणार नाहीत.

म्हणून गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत ठरवून कमी बघितलं. नऊ मालिका. त्यातल्या दोनच तुला सविस्तर सांगतो.

पहिली 'शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू'. जुनी आहे, पहिला सीझन २०१६ चा १३ भागांचा, दुसरा २०१७ चा १२ भागांचा. राकुगो म्हणजे जपानमधली गोष्ट सांगण्याची कला. एकच माणूस उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात एक पंखा आणि एक कापड, बस्स. बापही तो, मुलगाही तो, दारुड्याही तो आणि त्याची बायकोही तोच. मान इकडून तिकडे वळवली की पात्र बदललं. पंख्याच्या चॉपस्टिक होतात आणि तो शेवया ओढून खातो, तेव्हा समोर वाफ दिसावी इतकं खरं वाटतं.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजला राहतो. आई ७४ वर्षांची, लहानपणी गाणं शिकलेली, ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव पंडित यांना समोर बसून ऐकलेली. जानेवारीत धुकं इतकं होतं की रविवारी संध्याकाळी सगळे एकाच खोलीत, एकाच हीटरसमोर. मी ही मालिका लावली आणि ती गजकाचे तुकडे करत सहज बघायला लागली. पाच मिनिटांत म्हणाली, "अरे, हे तर आख्यान आहे. बसून केलेलं." आमच्याकडे तानसेन समारोहाची सुरुवात शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मीलाद यांनी होते, तिथे ती वर्षानुवर्षं गेलेली. कीर्तनातला पूर्वरंग-उत्तररंग तिला सांगावा लागत नाही. राकुगोतही मुख्य गोष्टीआधी 'माकुरा' असतो, म्हणजे शब्दशः उशी. लोकांशी चार गप्पा मारत गोष्टीकडे सरकायचं. तिला ते लगेच पटलं.

अडचण भाषेची होती. इंग्रजी सबटायटल तिच्या डोळ्यांना पळतात. मग माझी भाची शेजारी बसून मराठीत सांगायला लागली. राकुगोचा शेवट बऱ्याचदा शब्दाच्या कोटीवर असतो, तिथे मालिका थांबवायची आणि कोटी उलगडायची. २४ मिनिटांच्या भागाला पाऊण तास लागायचा. मला वाटलं होतं आई दोन रविवारांत कंटाळेल. तिसऱ्या रविवारी पाच वाजता तीच म्हणाली, "लाव तुझं ते."

गोष्ट दोन मुलांची. एकाच दिवशी एकाच गुरूकडे येतात. एकाने तोंड उघडलं की लोक हसतात, दुसऱ्याचे शब्द घशातच अडकतात. हा दुसरा, किकुहिको, पहिल्यांदा मंचावर बसतो तो प्रसंग मी तीनदा बघितला. आईने एकदाच बघितला आणि म्हणाली, "याचा श्वास चुकीच्या जागी पडतोय. वाक्याच्या पोटात घेतोय. थांब, पुढे सुधारेल." मी उडालोच. किकुहिकोला आवाज देणारा आकिरा इशिदा नावाचा कलाकार तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत एकटाच ते पात्र बोलतो, आणि कच्चा असतानाचं कच्चेपणही त्याने आवाजातच ठेवलं आहे. पुढे काही भागांनी किकुहिकोला स्वतःचा सूर सापडतो, तेव्हा आईने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. समेवर मारतात तशी.

हाच किकुहिको पुढे आठवा याकुमो होतो. नाव वारशाने चालतं, आपल्या घराण्यांसारखंच. आणि तो ठरवून बसलेला असतो की शिष्य करायचा नाही, ही कला आपल्याबरोबरच संपवायची. तुरुंगातून सुटलेला एक पोरगा दारात येऊन हटून बसतो, तिथून सगळं सुरू होतं. ग्वाल्हेरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी कशी वाटेल? आमच्याकडे हद्दू खाँ-हस्सू खाँ या गवई भावांची कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. बडे मोहम्मद खाँ हे गवई आपली तान कुणाला देईनात, म्हणून शिंद्यांच्या दरबारात या दोघांना लपवून ते गाणं ऐकवलं, आणि ते त्यांनी जसंच्या तसं उचललं, असं सांगतात. नंतर हेच गाणं पंडितांच्या घरात आलं, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ते महाराष्ट्रात नेलं. विद्या मुठीत धरणारा आणि दारात अडून बसणारा, दोघेही आमच्या ओळखीचे. आईला याकुमोचा राग नाही आला. ती म्हणाली, "देणं सोपं नसतं रे. ज्याला द्यायचं तो मोडून टाकेल अशी भीती असते." ती स्वतः गाणं कुणाला शिकवू शकली नाही. हे ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर बोलली.

दुसरी मालिका 'ओर्ब'. ही त्या वेळी चालू होती, ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५, २५ भाग. भाचीबरोबर बघितली, ती अकरावी सायन्सला आहे. पंधराव्या शतकातला युरोप, बारा वर्षांचा राफाल नावाचा अतिशय हुशार मुलगा, मोठ्यांना हवं तेच बोलून सुखात जगणारा. त्याला कुणीतरी सांगतं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते. तिसऱ्या भागाच्या शेवटी काय होतं ते मी सांगणार नाही, तूही कुठे वाचू नकोस. एक मात्र आधीच सांगतो, ही इतिहास म्हणून बघायची नाही. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ चा, ही कथा त्याआधीची आणि कल्पित. पण त्यातली मुख्य गोष्ट खरी आहे: विचार वाहून नेणारी माणसं बदलत जातात, पुढच्याला मागच्याचं नावही माहीत नसतं, एका दगडी पेटीतलं संशोधन मात्र या हातातून त्या हातात जात राहतं.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही दोघं किल्ल्यावर चालत गेलो, ग्वालियर गेटकडून. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, अख्खं एका कातळातून कोरलेलं, एवढंसं. आत इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळाला दिलेली बाग २७० हात लांब, आणि रोज ५० माळा द्यायच्या, अशी नोंद. त्या २७० आणि ५० मध्ये शून्य आहे, आज आपण लिहितो तसंच गोल, शेजारच्या अंकांपेक्षा लहान. शाळेच्या सहलीत भाचीने ते बघितलं होतं, पण या वेळी ती मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, हा माणूस शून्य लिहायला बसलाच नव्हता. तो माळा मोजत होता." उतरताना आमचं सगळं बोलणं राफालवर चाललं होतं. ही मालिका एका रात्रीत संपवली असती तर किल्ल्यावर जायचं सुचलंच नसतं, कारण सुचायला मधे रविवार लागतो.

बाकीच्या थोडक्यात. 'अपॉथेकरी डायरीज'चा दुसरा सीझन जानेवारी ते जुलै चालला. नायिका माओमाओची औषधं आणि विषं यांची जाण अजून तशीच मजा देते, मधले तीन-चार भाग सैल आहेत. 'मुशिशी' पुन्हा बघितली, २००५ ची, २६ भाग, प्रत्येक भाग स्वतंत्र. ती मी रात्री एकच भाग बघून दिवा मालवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट हिंदी डबिंगसह लागला तेव्हा भाचीने थिएटरात नेलं. लढाया डोळे दिपवणाऱ्या आहेत, पण फ्लॅशबॅक आला की लढाईचा दम जातो असं माझं मत. ती यावर माझ्याशी अजून भांडते. दोन मालिका मी तिसऱ्या भागावर सोडल्या, नावं घेत नाही, कुणाच्या आवडीच्या असतील. सोडलेल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. यादीत 'पूर्ण' लिहायचं म्हणून शेवटपर्यंत रेटणं, यानेच तुझी चाळीस झाली असणार.

निवडतो कसं? हंगाम सुरू झाला की पाच-सहांचे पहिले भाग बघतो आणि दोनच ठेवतो. ज्याच्याबद्दल दुसऱ्या दिवशी दुपारीही डोक्यात काहीतरी चालू असेल, ते ठेवायचं. चालू हंगामातली एक आणि जुनी एक, एवढंच एका वेळी. प्रत्येक भागानंतर वहीत दोन ओळी लिहितो. गुण वगैरे देत नाही, काय दिसलं ते लिहितो: "पंखा मिटताना आवाज नाही." "पाऊस, पण छत्री बंद." माझं अख्खं वर्ष त्या वहीत आहे, आणि कुठलंही पान उघडलं तर तो रविवार आठवतो.

आता तुझ्या आईचं. कार्टून म्हणते म्हणून वाद घालू नकोस. तिला विचार, नव्वदीच्या सुरुवातीला रविवारी दूरदर्शनवर 'जंगल बुक' बघायचीस का. ते मोगली जपानी होतं, निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेलं, ५२ भागांचं. हिंदी गाणं गुलजारांचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, म्हणून आपल्याला ते आपलंच वाटलं. मग जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे पुन्हा थिएटरात आलेला रामायणावरचा ॲनिमे दाखव. १९९२ चा, युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेला. आणि एकदा तिला शेजारी बसवून तूच मराठीत सांगत जा. सबटायटल वाचायला लावू नकोस.

आमची राकुगो जुलैत संपली, पहिला पाऊस होऊन गेला होता. खरं तर शेवटचा भाग तीन रविवार आधीच बघून झाला असता. आईच म्हणत होती, आज नको, पुढच्या वेळी. शेवटी लावला. शेवटचं गाणं आलं तेव्हा भाचीचा हात सवयीने रिमोटकडे गेला, आणि आईने तो धरला. गाणं पूर्ण झालं, पडदा काळा झाला, बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग ती भाचीला म्हणाली, "उद्यापासून सकाळी अर्धा तास ये माझ्याकडे. सा लावायला शिकवते."

भाची जाते आहे. भूप चालू आहे सध्या. तू राकुगोपासून सुरुवात कर. पहिला भाग पाऊण तासाहून थोडा मोठा आहे, सलग बघ. दुसरा पुढच्या रविवारी.