मासे नंतर, आधी पाणी

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी बे अ‍ॅक्वेरियमबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उन्हाळ्यात मुलांकडे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या भागात) जाणारे आई-बाबा तिथे हमखास जातात, त्यामुळे पहिला प्रश्न तोच.

प्रश्न : जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा येताहेत. बाबा 72 वर्षांचे, गुडघे दुखतात. आमच्याकडे एकच दिवस आहे. कसं जमवावं? (सनीवेल)

उत्तर : शनिवार-रविवार टाळा, निम्मं काम तिथेच होतं. सॅन होजेहून 101, मग 156, मग 1 नंबरचा हायवे, असा साधारण सव्वा ते दीड तासाचा रस्ता आहे. पण सुट्टीच्या दिवशी कॅस्ट्रोव्हिलच्या अलीकडे गाड्या अशा तुंबतात की वेळेचा काही भरवसा राहत नाही. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. मत्स्यालयाला स्वतःचं पार्किंग नाही, कॅनरी रो या रस्त्याच्या मागच्या सार्वजनिक गॅरेजमध्ये गाडी लावावी लागते. म्हणून आई-बाबांना दाराशी उतरवा आणि मग गाडी लावायला जा. चाकाची खुर्ची हवी असेल तर आत शिरल्या शिरल्या मागा. ‘लागली तर बघू’ म्हणालात तर दुपारी मिळेलच असं नाही.

जून आहे म्हणून सुती कपड्यांवर जाऊ नका. सॅन होजेत अंग भाजत असताना मॉन्टेरीत धुकं आणि बोचरा वारा असू शकतो. दोघांना स्वेटर हवाच.

आत शिरलं की सगळे आधी पाणमांजरांपाशी थांबतात, कारण ती दाराजवळच आहेत. तुम्ही तिथे न थांबता थेट ‘ओपन सी’ दालन गाठा. 45 लाख लिटरची टाकी आणि समोर अंधारात बसायची सोय. उघडण्याच्या वेळी तिथे निवांत अर्धा तास मिळतो, अकरानंतर मात्र मुलांच्या डोक्यांवरून बघायची वेळ येते. तिथून जेलीफिश, मग खाली केल्पचं (उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं) जंगल, आणि पाणमांजरं शेवटी. त्यांची टाकी दुमजली आहे, वरच्या मजल्यावरूनही नीट दिसते. मागच्या गच्चीवर पंधरा मिनिटं ठेवा. समोरच्या खाडीत पाठीवर तरंगणारी पाणमांजरं अनेकदा दिसतात, आणि ती टाकीतली नसतात. डबा नेणार असाल तर लव्हर्स पॉइंटची हिरवळ जवळ आहे. परत आत यायचं असेल तर बाहेर पडण्याआधी दारावर विचारून घ्या.

प्रश्न : माझ्याकडे 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. स्किमर (फेसातून मळ काढणारा), सम्प (खालची जोडटाकी), चिलर (पाणी थंड करणारा) सगळं आहे. तरी मॉन्टेरीसारखं शेवाळाचं जंगल घरी होत नाही. त्यांचं फिल्टर कोणतं? (ठाणे)

उत्तर : गंमत अशी की रात्री ते फिल्टर बंदच करतात.

मत्स्यालय समुद्राला लागून आहे. खाडीतून मिनिटाला सुमारे साडेसात हजार लिटर पाणी आत खेचलं जातं. दिवसा ते गाळून घेतात, कारण पैसे भरून आलेल्या माणसाला पलीकडचं दिसलं पाहिजे. रात्री मात्र न गाळलेलं पाणी तसंच सोडतात. त्यातून सूक्ष्मजीव, अळ्या, शेवाळाचे बीजाणू आत येतात. टाकीतल्या खडकांवरचे कित्येक स्पंज, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) आणि बारनॅकल (खडकाला चिकटणारे कवचाचे जीव) कुणी आणून चिकटवलेले नाहीत. ते रात्री पाण्याबरोबर आले आणि राहिले. याचा त्रासही आहेच. जे खडकावर वाढतं ते काचेवर आणि नळातही वाढतं, म्हणून पाणबुडे सतत घासत असतात. तुम्ही विकतचं मीठ ढवळून केलेल्या पाण्यात या अळ्या कुठून येणार?

आता केल्प. ही वनस्पती नव्हे, तपकिरी शेवाळ आहे. तिला मूळ नसतं. खडकाला धरणारा पंजा असतो, पण तो फक्त धरतो, शोषत नाही. अन्न सगळं पात्यांच्या अंगातून आत जातं. म्हणून पाणी पात्यांवरून सतत हललं पाहिजे. स्थिर पाण्यात पात्याभोवतालचं अन्न संपतं आणि पातं उपाशी राहतं. मॉन्टेरीची केल्पची टाकी 28 फूट उंच आणि सुमारे 13 लाख लिटरची आहे. तिच्यात एक मोठा दट्ट्या खालीवर होत राहतो आणि लाटेसारखा हेलकावा देतो. काचेसमोर उभं राहून एकच पातं धरून बघा : डावीकडे जातं, क्षणभर थबकतं, उजवीकडे येतं. त्याच्या देठावरचे हवेचे फुगे त्याला वर ओढून धरतात. टाकीला छप्पर नाही, ऊन थेट पडतं. 1984 साली मत्स्यालय उघडलं तेव्हा जिवंत महाकेल्प वाढवणारी ही पहिलीच टाकी होती. केल्प तिथे दिवसाला चार इंचांपर्यंत वाढतो, त्यामुळे पाणबुड्यांना तो नियमित छाटावा लागतो.

आणि थंडी. त्या खाडीचं पाणी बहुधा 10 ते 15 अंश असतं. वीस अंशांच्या वर केल्प खंगतो. ठाण्यातल्या मे महिन्यात 200 लिटर पाणी 12 अंशांवर ठेवायला चिलरचं जे बिल येईल त्यात मॉन्टेरीचं एक तिकीट निघेल. शेवाळच हवं असेल तर सम्पमध्ये केटोमॉर्फा लावा. ते 25-26 अंशांना खुशाल वाढतं आणि नायट्रेट खेचतं. त्याचा दिवा रात्री लावा, म्हणजे मुख्य टाकी अंधारात असताना पीएच फार घसरत नाही. मूठभर वाढलं की अर्धं काढून टाका. न काढता ठेवलंत तर खालचा थर सडतो आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत येतं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच घाला. मीठ उडत नाही. खारं पाणी घालत गेलात तर खारटपणा चढतच जाईल.

प्रश्न : जेलीफिशच्या टाक्यांना कोपरे का नसतात? (कोल्हापूर, इयत्ता आठवी)

उत्तर : कारण जेलीफिशला कोपऱ्यातून बाहेर पडता येत नाही. ती प्रवाहाबरोबर जाते, कोपऱ्यात अडकली की घासून फाटते. या गोल टाकीला क्रायझल म्हणतात, जर्मनमध्ये त्याचा अर्थ खेळायचा भोवरा. पाणी भिंतीलगत पातळ पडद्यासारखं सोडतात, त्यामुळे ते गोल फिरत राहतं आणि जेलीला भिंतीपासून दूर ठेवतं. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या जाळीवरूनही हाच पडदा वाहतो, नाहीतर जेली जाळीला चिकटेल. या टाकीत हवेचे बुडबुडे अजिबात चालत नाहीत. छत्रीखाली अडकलेला बुडबुडा तिला भोक पाडतो. मून जेलीचं आयुष्य थोडकं असतं, म्हणून मागच्या खोलीत पिल्लं तयार करत राहावं लागतं. बशीला चिकटलेला इवलासा पॉलिप असतो, तो थाळ्यांच्या चवडीसारखा आडवा कापला जातो आणि वरची एकेक थाळी सुटून पोहू लागते. ती थाळी म्हणजे बाळ जेली.

प्रश्न : मुशी (शार्क) आणि तारल्या (सार्डिन) एकाच टाकीत! मुशी त्यांना खात नाहीत? (रत्नागिरी)

उत्तर : खातात. अधूनमधून एखादी तारली कमी होते, ते गृहीतच धरलेलं असतं. बाकी हिशेब पोटाचा. मुशी बहुधा थंड रक्ताची, तिला रोज फार लागत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी तिला मासा मिळाला तर ती पाठलागाची दगदग सहसा करत नाही. सहसा. 2004 च्या सप्टेंबरात इथे ग्रेट व्हाइटचं (मोठ्या पांढऱ्या मुशीचं) एक पिल्लू आणलं होतं. ते 198 दिवस राहिलं, त्याआधी मोठ्या पांढऱ्या मुशीला बंदिस्त जागेत इतके दिवस कुणी ठेवू शकलं नव्हतं. पण त्यानं टाकीतल्या दोन सूपफिन मुशी मारल्या, आणि 2005 च्या मार्चमध्ये त्याला समुद्रात सोडलं. 2011 पर्यंत अशी सहा पिल्लं ठेवली गेली. शेवटचं सोडल्यावर लगेच दगावलं, त्यानंतर हा प्रकार थांबला तो थांबलाच. थांबवला हेच बरं केलं. सनफिश बघायलाच जाणार असाल तर मात्र आशा जपून ठेवा. तो अवाढव्य वाढतो आणि मोठा झाला की त्याला समुद्रात सोडतात, त्यामुळे मधल्या काळात टाकीत एकही नसू शकतो.

प्रश्न : मोबाइलवर फोटोत मासा कमी आणि माझाच चेहरा जास्त येतो. (नाशिक)

उत्तर : फ्लॅश बंद करा. काचेतला चेहरा तुमच्या मागच्या उजेडामुळे येतो. म्हणून लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि फटीभोवती तळहात किंवा काळी ओढणी धरा. फोन काचेला समांतर ठेवा. तिरका धरलात की मासा बेढब आणि कडेला रंगीत दिसतो. ती काच नसून अ‍ॅक्रिलिक आहे, आणि केल्पच्या टाकीला ते सव्वासात इंच जाड आहे. अंगठी, किल्ली, फोनचं धातूचं कव्हर त्यावर घासू नका, लगेच ओरखडा उठतो. पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा, त्यातून अ‍ॅक्रिलिकवर इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात. आणि मासा दिसतो त्याहून दूर असतो. पाण्यामुळे अंतर पाऊणपट भासतं.

प्रश्न : पाणमांजरांना कोंडून ठेवणं पटत नाही. मुलांना दाखवू की नको? (पुणे, शिक्षिका)

उत्तर : दाखवा, पण ती तिथे का आहेत तेही सांगा. इथली पाणमांजरं किनाऱ्यावर आईविना सापडलेली आहेत आणि समुद्रात परत जगू शकणार नाहीत असं ठरल्यावरच इथे ठेवली आहेत. त्यांतल्या काही माद्या नव्यानं सापडलेल्या अनाथ पिल्लांना सांभाळतात. शिंपला दगडावर आपटून फोडणं माणसापेक्षा त्याच नीट शिकवतात, आणि अशी पिल्लं पुढे समुद्रात सोडली जातात. फरसाठी झालेल्या शिकारीत कॅलिफोर्नियाचं पाणमांजर संपलं असंच लोक धरून चालले होते. 1938 साली बिग सरच्या किनाऱ्याला पन्नासेक दिसली. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला सुमारे तीन हजार आहेत.

मुलांना एक काम द्या : पाच मिनिटं एकाच पाणमांजराचे पंजे बघायचे. ते सारखं अंग चोळत असतं. त्याला चरबीचा थर नाही, एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस आहेत. केसांत कोंडलेली हवा हीच त्याची गोधडी. केस मळले की हवा निसटते आणि थंड पाणी कातडीला लागतं. अंग ऊबदार ठेवायला ते रोज वजनाच्या पाव हिस्सा अन्न खातं. वीस किलोचं पाणमांजर पाच किलो! वर्गातल्या मुलांना स्वतःच्या वजनाचा पाव हिस्सा काढायला सांगा आणि तेवढ्या पोळ्या फळ्यावर मांडून दाखवा.

प्रश्न : पाकटाला (शेपटीत काटा असलेल्या चपट्या माशाला) हात लावू देतात म्हणे. काटा लागत नाही? (पणजी)

उत्तर : अशा उथळ टाक्यांतल्या पाकटांचे काटे सहसा छाटलेले असतात. काटा नखासारखाच, छाटला तरी पुन्हा वाढतो. बाही कोपरापर्यंत वर करा, हात आधी पाण्यानं भिजवा, दोन बोटं सपाट धरा आणि थांबा. पाकट स्वतः खालून सरकत जाईल. शेपूट धरू नका, पाण्यात हात ढवळू नका. कोरडा हात लावलात तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि जंतूंपासून त्याला वाचवणारा थर तोच.