पीएचडी करू की नोकरी बघू?

प्रश्न : ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलतो आम्ही, आई बिड्या वळते. यंदा सोशल वर्कमध्ये एमएसडब्ल्यू झालं. मला रिसर्चमध्ये जायचंय, प्राध्यापक व्हायचंय, पण घरचे म्हणतात अजून किती शिकणार. मलाही कधीकधी वाटतं, आमच्या बायकांना माझ्या पीएचडीचा काय उपयोग, कागदावरचा न्याय कागदावरच राहतो ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अगं, कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत बघ, बिडी कामगार बायकांची 10,000 घरं. ती मोर्चे काढून मिळाली, कुणाच्या थिसिसनं नाही, त्यामुळे तुझी शंका काही चुकीची नाही. पण मजुरीवरून बोलणी सुरू झाली की मालक आपला हिशेब घेऊन बसतो, तेव्हा बायकांचा हिशेब कुणी मांडायचा?

बाहेरचा रिसर्चर मराठीत फॉर्म भरून घेतो, आई मान डोलावते, संपलं. छाटमध्ये, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्यांत, किती बिड्या गेल्या, पान कमी पडलं म्हणून पदरचे पैसे घालून किती आणलं, हे ती शेजारणीशी तेलुगूत बोलते, आणि ते तुला घरबसल्या ऐकू येतं! बिडी कामगारांसाठी 1966 साली वेगळा कायदा झाला, तरी छाट काढलेल्या बिड्या पुढं जातात कुठं हा साधा प्रश्न घेऊन बस, पीएचडीला पुरेल. फक्त बायकांची नावं, गल्ली, कारखाना काही छापू नकोस, काम त्यांचं जाईल, तुझं नाही.

आता पैशाचं. आधी नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे, त्यात सोशल वर्क विषय आहेच. त्यातूनच जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप मिळाली आणि पीएचडीला अॅडमिशन झाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000, हा आकडा घरच्यांना सांग, सूर बदलेल. नुसती नेट किंवा राज्याची सेट परीक्षा पास झाली तरी असिस्टंट प्रोफेसरसाठी अर्ज करता येतो, 2023 पासून पीएचडीची सक्ती नाही. पण कायम जागा फार कमी निघतात गं, बरेच जण तासिका तत्त्वावर सुरुवात करतात, म्हणजे तासाचे पैसे आणि सुट्टीत काहीच नाही. हेही घरी आधीच सांगून ठेव.

आणि तुळजापूरला टिसचं, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं कॅम्पस आहे, एसटीनं तासा-दीड तासात पोचशील. तिथल्या पीएचडी करणाऱ्या मुलींशी बोल, गाईड कसा निवडला ते विचार. कॉलेजच्या वेबसाइटवर हे कळत नाही.